चिनाराच्या मापाचा झगा

इस्फहान, नवी जुल्फा
ख्रिस्तजन्माच्या सणानंतरचा नववा दिवस

ती. मारिजानताईच्या चरणी,
धाकट्या तालिशचा शि. सा. न. वि. वि.

बाबांच्या चाळिसाव्या दिवसाचं तुझं पत्र पोचलं. इथल्या आपल्या देवळात मीही त्यांच्या नावाने मेणबत्ती लावली. घरी येऊन रडलो, मग तू पाठवलेली वाळल्या तुतींची पिशवी उघडली आणि रडत रडतच अर्धी संपवली. बाबा असते तर म्हणाले असते, या पोराचं दुःखसुद्धा गोड खाऊनच उतरतं.

आता बातमी. ताई, उभी असशील तर चौकट धर. परवा दिवाणातल्या कारकुनाने मला बोलावून घेतलं. त्याचं म्हणणं असं की, मी इथे जामीन म्हणून बसलो तो बाबांनी शहाला दिलेल्या इमानाच्या शब्दासाठी. शब्द देणारा गेला, तसा शब्दही संपला. आता बाबांच्या गादीवर यसायीदादा, खोऱ्याचा धनी, मेलिक. शहाने पाठवलेला मानाचा झगा त्याने वेशीवर, चारचौघांसमोर अंगावर घातला की त्याचा नवा शब्द सुरू. त्या नव्या शब्दाला इथल्या आपल्या रेशीमवाल्यांनी जामीन राहायचं कबूल केलं आहे. म्हणजे झगा चढला, आणि नीट चढला असं शहाच्या माणसाने परत येऊन दरबारात सांगितलं, की मी मोकळा! सोळाव्या वर्षी आलो, पस्तिसाव्या वर्षी घरी येतो आहे. कारकून हे सगळं इतक्या कंटाळलेल्या आवाजात सांगत होता की मला क्षणभर वाटलं, दुसऱ्याच कुणाबद्दल चाललं आहे.

झग्याचं कापड मी पाहिलं. डाळिंबी रंग, त्यावर जरीची फुलं. शिवणखान्यातल्या म्हाताऱ्या उस्ताद सफरने विचारलं की तुझा भाऊ अंगाने कसा आहे. मी म्हटलं, नदीकाठच्या चिनारासारखा. उंच, सरळ, कमरेत मूठभर. मला निरोप द्यायला तो वेशीच्या दगडापर्यंत आला होता ना, तेव्हा मी त्याच्या कमरेला मिठी मारली होती. माझे हात त्याच्या पाठीमागे एकमेकांना भेटून वर कोपरांना लागले होते. उस्तादला तोंडी माप पटेना, म्हणून मी त्यालाच तशी मिठी मारून दाखवली. सगळा शिवणखाना हसला, पण माप वहीत चढलं. आणि इथल्या वहीत एकदा चढलं ते देवाच्या बापालाही खोडता येत नाही.

नवरोजच्या सुमाराला झगा तुमच्या वेशीवर असेल. दादाला सांग, छाती काढून उभा राहा. सोनावहिनीला नमस्कार.

या परमुलखातल्या पोरावर एकोणीस वर्षं जो लोभ केलास, तो आणखी थोडेच महिने पत्रातून कर.
तुझा
तालिश

*

आर्जाशेन
मोठ्या उपवासाचा दुसरा दिवस

चि. तालिश यास,
थोरल्या बहिणीचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

पोटभर हा शब्द मी विचार करून लिहिला आहे. का, ते पुढे वाच.

तुझं पत्र आलं ते नेमकं उपवास सुरू व्हायच्या आदल्या दिवशी. त्या दिवशी आपल्याकडे कसं चालतं ते तू विसरला नसशील. सकाळपासून तोंड बंद नाही. यसायीने मांस-गव्हाच्या हरीसाची सातवी वाटी हातात घेतली होती. मी पत्र मोठ्याने वाचायला लागले. तू येणार, हे वाचल्यावर तो वाटी खाली ठेवून लहान मुलासारखा रडला. बाबा गेले तेव्हाही इतका रडला नव्हता. मी रडले, सोना रडली, चुलीपाशी पोळ्या लाटणाऱ्या बायाही रडल्या. मग मी पुढचं वाचलं. चिनारासारखा. कमरेत मूठभर.

सोना उठली आणि नवऱ्याच्या पाठीमागून दोन्ही हात घातले. हात पुढे भेटेनात. मी समोरून घातले. आम्हा दोघींचे मिळून चार हात जेमतेम भेटले. मग जे हसू फुटलं, त्याने बाबांचं सुतक फिटलं म्हण. यसायी मात्र वाटीकडे बघत बसला होता.

तालिशबाळा, तुझा चिनार आता तेलाचा रांजण झाला आहे.

चूक माझी आहे, ती मी कबूल करते. एकोणीस वर्षं प्रत्येक पत्रात लिहीत आले, दादा आहे तसाच आहे. खोटं लिहायचं नव्हतं रे. रोज बघणाऱ्याला वाढ कळत नाही. आणि कळली तेव्हा वाटलं, लांब बसलेल्या पोराने घर सोडलं तेव्हा जसं होतं तसंच त्याच्या डोळ्यांपुढे राहू दे. घरचं एवढं तरी त्याच्यापाशी असावं.

यसायीचं म्हणणं, झगा पाठीवर उभा चिरायचा आणि वरून घोंगडी पांघरायची. मी म्हटलं, शहाच्या झग्याला कात्री लावलीस तर पुढची कात्री आपल्या खोऱ्याला लागेल. पलीकडच्या खोऱ्यातल्या मेलिकाने बाह्या लांब होतात म्हणून चार बोटं कापल्या, तर आज त्याच्या ओसरीवर सुभेदाराचा कारकून हुक्का ओढत बसला आहे. आपला सुभेदारही टपलेलाच आहे. आणि खोऱ्याचं राहू दे, झगा नीट चढला नाही तर तू तिथेच राहशील. हे ऐकल्यावर यसायीने हरीसाची वाटी स्वतःच्या हाताने कुत्र्यापुढे ठेवली. एवढा त्याग मी त्याच्या हातून कधी पाहिला नव्हता.

देवाची कृपा बघ, आजपासून उपवास आहे. मांस नाही, दूध नाही, अंडं नाही. आजवर आमचे मेलिक उपवास करायचे म्हणजे पाद्री समोर असेपर्यंत करायचे. या वर्षी मी पाद्री आहे. घरच्या स्वाराबरोबर हे पत्र पाठवते, त्याला दर मुक्कामावर घोडा बदलायला सांगितलं आहे. माप बदलता येतं का बघ. नाही आलं, तर आमचं आम्ही बघू.

तुझ्यावरची माया आटत नाही, आटवायची आहे ती दुसऱ्याची कंबर. लोभ असावा.
तुझी
मारिजानताई

*

इस्फहान, नवी जुल्फा
झगा निघाला तो दिवस

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

माझं आधीचं पत्र तुला मिळालं की नाही, अजून कळलं नाही. पण आज राहवेना. झगा निघाला, ताई! सहा खेचरं, चार स्वार, पुढे एक नगारा. पेटी मी स्वतः उचलून खेचरावर ठेवली. सात बटणं आहेत, सातही मोत्याची. उस्ताद सफर म्हणाला की इतक्या बारीक कमरेचा झगा त्याने आजवर फक्त शहाजाद्यांसाठीच शिवला. माझी छाती अशी फुगली की माझीच बटणं तुटायची.

झगा घेऊन येतो आहे नजरअली बेग. माणूस अंगाने भरलेला, नजरेने कडक. त्याने आजवर अकरा सरदारांच्या अंगावर झगे चढवले आणि त्यातल्या दोघांची सरदारकी घालवली, असं लोक म्हणतात. एकाने झगा घालताना तोंड वाकडं केलं होतं, एवढंच. तेव्हा नियम नीट ध्यानात ठेवा. झगा वेशीच्या दगडापाशी घालायचा. कात्री नाही, टाचणी नाही, वरून पांघरूण नाही. तीन दिवस सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत अंगावर ठेवायचा. दादाला काय अवघड आहे म्हणा.

बेग मला चांगला ओळखतो. जामिनांच्या ओसरीवर त्याची ये-जा असते. दर सणाला मी तिथे आपल्या खोऱ्याच्या गोष्टी सांगतो. वेशीचा दगड, तुझी तुती, दादाची घोडदौड, बाबांचं ते वाक्य की शहा म्हणजे मोठा डोंगर, सावलीत पीक कमी येतं पण वारा अडतो. बेग नेहमी म्हणतो की तुझ्या त्या भावाचं वर्णन ऐकून माझे कान किटले. निघताना त्याने मला विचारलं की घरी काही निरोप आहे का. मी म्हटलं, निरोप नाही, फक्त सगळं नीट बघून या आणि आल्यावर मला सांगा, अगदी बारीकसारीक. तो खेचराच्या लगामाशी उगाच खटपट करत राहिला.

दादाला माझी आठवण दे, आणि आपला लोभ पेटीमागोमाग येऊ दे.
तुझा
तालिश

*

आर्जाशेन
मोठ्या उपवासाचा तेरावा दिवस

चि. तालिश यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

झगा निघाल्याचं तुझं पत्र काल आलं. शहाजाद्यांची कंबर! ते वाक्य मी यसायीला वाचून दाखवलं नाही. माणसाला एकाच दिवशी सगळं दुःख देऊ नये.

इथला हालहवाल ऐक. पहिल्या आठवड्यात यसायी वाळला नाही, उलट वाढला. मला काही उमगेना. मांस नाही, लोणी नाही, आणि कंबर पुढेच चाललेली. मग एक दिवस कोठीत गेले तर अक्रोडाचं पोतं अर्ध्यावर. विचारलं तर म्हणतो कसा, ताई, अक्रोड काही कोंबडी नाही, देवाने उपवासाला मना केलेलं नाही. मनुका मना नाहीत. मध तर फुलांचा असतो. एवढं धर्मशास्त्र त्याने आयुष्यात वाचलं नसेल, पण पोटाने शिकवलं की माणूस पंडित होतो. त्या दिवसापासून कोठीची किल्ली माझ्या गळ्यात.

आता त्याला दोन वेळा रानभाजी भरलेली पातळ पोळी आणि कांद्याचं पाणी. म्हणतो, मी मेलिक आहे की शेळी? सोना म्हणाली की शेळीला निदान उड्या मारता येतात. मग त्याला रोज सकाळी किल्ल्यापासून खालच्या गिरणीपर्यंत चालत पाठवायला लागलो. तर गिरणीवाल्याची बायको दयाळू निघाली. कढईतला शिरा देत होती, मेलिक आला म्हणून! मी स्वतः जाऊन तिला झापलं. ती बिचारी रडायला लागली, म्हणाली, बाईसाहेब, त्यांनीच सांगितलं की घरी जेवायला देत नाहीत.

आता गावोगाव बातमी पसरली आहे. तेवीस गावांत कुणी मेलिकाला कण देत नाही. परवा तो वरच्या गावी न्यायनिवाड्याला गेला, तर दोन्ही पक्षांनी मिळून त्याला पाणी दिलं. भांडण दहा वर्षांचं, पण या एका बाबतीत एकमत. म्हणाले, तालिशधनी यायचे आहेत. तू गेलास तेव्हा ज्यांचा जन्मही झाला नव्हता ती माणसंही असंच म्हणतात.

काल सोना आणि मी पुन्हा हात घातले. तिची बोटं माझ्या बोटांवर एक वीत चढली. झालंय काही तरी. पण शहाजादा अजून लांब आहे रे.

एक सांगते, कुणाला कळवू नकोस. काल संध्याकाळी यसायी वेशीच्या दगडावर एकटाच बसला होता. मला वाटलं, लपून खातो आहे. जाऊन बघते तर हात रिकामे. म्हणाला, ताई, मी खाण्यासाठी हावरा आहे असं सगळे समजतात. तालिश गेला त्या वर्षी मला घास गिळवेना; आईने जबरदस्तीने भरवायला सुरुवात केली, आणि मग ती सवयच लागून राहिली. मी त्याच्याशेजारी बसले. किल्ली मात्र दिली नाही.

लोभ आहेच. तो बटणाला लागला असता तर किती बरं झालं असतं.
तुझी
मारिजानताई

*

इस्फहान, नवी जुल्फा
नवरोजला तीन दिवस कमी

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

घरचा स्वार पोचला. तुझं पत्र वाचून मी आधी हसलो, मग घाबरलो, मग पुन्हा हसलो. आता नुसता घाबरलेला आहे.

तेलाचा रांजण! ताई, अगं एकदा तरी लिहायचंस. मी माझ्या हाताने, मिठी मारून, दादाचा गळा आवळला म्हणायचं. या एकोणीस वर्षांत मी ज्याला रोज पाहत होतो तो बावीस वर्षांचा दादा आता कुठे नाहीच, हे मला काल कळलं. विचित्र वाटलं. कुणी गेल्यासारखं. मग डोळ्यांपुढे अक्रोडाचं पोतं आलं आणि हसू फुटलं; पोत्याचं तू काही लिहिलेलं नाहीस, पण दादा म्हटलं की मला तेच दिसतं. तो लहानपणीही अक्रोडच चोरायचा.

धावत उस्ताद सफरकडे गेलो. वही बदलत नाही, झगा तर वाटेत. म्हातारा म्हणाला की पोरा, चाळीस वर्षं मी जामिनांच्या तोंडून त्यांच्या भावांची मापं घेतो आहे. प्रत्येकाचा भाऊ चिनारच असतो. म्हणून मी दोन्ही कुशींच्या शिवणीत चार चार बोटं कापड दुमडून ठेवतो. कात्री लावायची बंदी आहे, शिवण उसवायची बंदी कुणी घातलेली नाही.

ताई, ऐकलंस? कुशीच्या शिवणी! आतून उसवा, कापड सोडा, पुन्हा टाके घाला. स्वाराला पाणीही पिऊ न देता परत पाठवतो आहे. पण मनातून मला कळतं आहे की नजरअली बेग आता तुमच्या वेशीपाशी पोचला असेल. हे पत्र वाटेत आणि झगा दगडापाशी. मी इथे बोटं मोजत बसलो आहे.

न झालं तर न झालं. दादाला म्हणावं, रागावू नको माझ्यावर. जेव म्हणावं.

लोभ असू दे. या वेळी खरोखरच लागणार आहे.
तुझा
तालिश

*

आर्जाशेन
पुनरुत्थानाच्या सणानंतरचा दुसरा दिवस

चि. तालिश यास,
थोरल्या बहिणीचे अनेक, अनेक आशीर्वाद. वि. वि.

आधी हे वाच: झगा चढला. आता श्वास घे आणि बाकीचं सावकाश वाच.

तुला आधी कळवता आलं नाही. शहाच्या माणसाने दरबारात सांगण्याआधी बातमी पुढे जाऊ नये असा दंडक आहे म्हणे. घाट बर्फाने बंद होता म्हणून बेगही इथेच अडकला; उद्या निघतो, तोच हे पत्र आणतो आहे. शिवणीचं तुझं शहाणपणही त्याच बर्फात अडकून काल पोचलं. लग्न लागल्यावर वाजंत्री आल्यासारखं.

तर ऐक. नवरोजच्या दिवशी सकाळी सगळं खोरं वेशीवर. योगायोग असा की आपल्या उपवासाचा मधला दिवसही तोच. मी पहाटे उठून मधल्या दिवसाची पोळी केली. तीच, बिनखमिराची, आत निळा मणी लपवलेली, मणी ज्याच्या तुकड्यात निघेल त्याचं वर्ष भाग्याचं. फक्त या वर्षी बैलगाडीच्या चाकाएवढी केली. सोनाने विचारलं, एवढी कशाला? मी म्हटलं, बाई, ही पोळी नाही, पडदा आहे.

सुभेदाराचा कारकूनही आला होता, मान लांब करून. नगारा वाजला. पेटी उघडली. खरंच रे, काय तो रंग! यसायीने गुडघे टेकले, झग्याला डोळे लावले, आणि उठून असा श्वास ओढला की मला वाटलं आता नदीच आत घेतो. पहिलं बटण लागलं. दुसरं. तिसरं. चौथं लागताना बेगच्या माणसाच्या कपाळावर घाम. पाचवं, सहावं आणि सातवं काही लागेना. दोन बोटांची फट. सोबतचा रेशमी पट्टा तर पाठीवरून पुढे येतच नव्हता.

मी तशीच पुढे झाले आणि पोळी यसायीच्या हातात दिली, पोटाशी धरून. पाहुण्याला मेलिकाने स्वतः भाकरमीठ द्यायचं, ही आपली रीत आहेच. फट झाकली. पण बाळा, एक गोष्ट मी हिशेबात धरलीच नव्हती. दीड महिना कोरडं खाऊन आलेला भरल्या अंगाचा माणूस! रीतीप्रमाणे एक तुकडा मोडायचा, तर याने दुसरा मोडला. मग तिसरा. उभ्या उभ्या, वरून, कडेकडेने. प्रत्येक तुकड्यागणिक डोंगराआडून सूर्य यावा तसं यसायीचं पोट वर यायला लागलं. बरं, यसायीला पंचवीस दिवसांची भूक, नाकाखाली गरम पोळी, आणि श्वास रोखलेला. डोळ्यांतून पाणी. कारकून म्हणाला, मेलिक किती भारावले आहेत बघा.

शेवटी मध्ये एकच मोठा तुकडा राहिला आणि बेगचा हात त्याच्याकडे गेला. मी काय केलं मला ठाऊक नाही. मी त्या शहाच्या माणसाचा हात धरला! म्हटलं, हा नाही. हा माझ्या धाकट्या भावाचा वाटा. एकोणीस वर्षं आम्ही तो बाजूला ठेवतो. हा कुणी मोडायचा नाही.

बेग थांबला. त्याने तुकड्याकडे पाहिलं, तुकड्यामागच्या फटीकडे पाहिलं, मग मान वर करून यसायीच्या तोंडाकडे. मग त्याने स्वतःच्या कमरेचा रुंद शेला सोडला आणि आपल्या हाताने यसायीच्या कमरेला तीन वेढे देऊन बांधला. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला की शहांनी झग्यासोबत शेलाही दिला होता, पेटीत ठेवायचा मीच विसरलो आणि वाटेत बांधला. म्हातारपण, दुसरं काय! कारकुनाची मान आखूड झाली. मग आमच्या कानाशी वाकून हळूच म्हणतो कसा, बाई, तुमचा भाऊ एकोणीस वर्षं सांगत आला आहे की दादा चिनारासारखा आहे. अहो, चिनार जुना झाला की बुंध्यात रुंदावतोच. त्याने खोटं काय सांगितलं? आणि त्याला खोटं पाडायला मी परत जाऊ?

दरबारात काय सांगणार तेही त्याने मला म्हणून दाखवलं: झगा मेलिकाच्या अंगावर चढला आणि भरून शोभला. भरून, हा शब्द त्याने दोनदा म्हटला.

तीन दिवस यसायी उभ्यानेच जेवला. रानभाजीची पोळी, दुसरं काय. पण सण झाला, आता किल्ली मी परत दिली आहे. शिवणी काल उसवल्या. उस्तादला माझे आशीर्वाद सांग, तो माणूस नुसता शिंपी नाही.

तुझ्या वाट्याचा तुकडा घरी आणून कापला, तर आत निळा मणी! एकोणीस वर्षांत एकदाही तुझ्या वाट्याला आला नव्हता. देवाशपथ, मी तिथे घातला नव्हता. तो मणी बेगबरोबर पाठवते आहे. शिवाय एक अंगरखा. घरच्या मेंढ्यांची लोकर, हिवाळाभर मी कातली, विणली, शिवली. वेशीवर येताना तोच घालून ये, परक्याच्या कपड्यात येऊ नकोस. माप कुणाला विचारायची मला गरज पडली नाही. तुला मी कडेवर वाढवलं आहे; तुझं माप माझ्या हातांत आहे.

ये आता. लोभाचं पुढे तोंडानेच बोलू.
तुझी
मारिजानताई

*

अरस नदीच्या अलीकडचा मुक्काम
पाणी उडवायच्या सणाला तीन दिवस कमी

ती. मारिजानताईच्या चरणी,
तालिशचा शि. सा. न. वि. वि.

हे पत्र माझ्याआधी एखादा दिवसच पोचेल. तोंडानेच बोलू असं तू लिहिलंस, पण एक गोष्ट तोंडाने सांगायच्या आधी कागदावर सांगितलेली बरी. नाही तर मला वेशीवर पाहून तुम्ही ओळखणार नाही आणि चोर समजून नदीत ढकलाल. सणाचा पाण्याचा मारा तसाही होणारच आहे म्हणा.

नजरअली बेग तुझ्यापाशी बोलला तेच शब्द त्याने दरबारात सांगितले. कारकुनाने ते लिहून घेतले आणि त्याच कंटाळलेल्या आवाजात मला म्हणाला की जा. निघताना बेग इस्फहानच्या वेशीपर्यंत आला. मी म्हटलं, तुम्ही सगळं नीट बघून याल आणि सांगाल असं ठरलं होतं. तो म्हणाला की तुझा भाऊ तू सांगितलास तसाच आहे, पोळी मात्र तू सांगितलीस त्याहून चांगली आहे. मग मला म्हणतो, भावाला सांग, माझा शेला परत पाठवू नकोस म्हणावं, पुढच्या झग्याला लागेल.

मणी दोऱ्यात ओवून गळ्यात घातला आहे.

आणि अंगरखा. ताई, तो मी आज सकाळी पहिल्यांदा अंगावर घातला. घरच्या मेंढ्यांचा वास आला आणि मी बराच वेळ तसाच उभा राहिलो. खेचरवाला हसायला लागला तेव्हा मी स्वतःकडे पाहिलं. बाह्या कोपरापर्यंत येतात. खालचा घेर कमरेवरच संपतो. पुढचं एकही बटण दुसऱ्या बाजूला पोचत नाही. तू सोळा वर्षांच्या पोराचा अंगरखा शिवला आहेस, ताई. तुझ्या हातांत जे माप होतं, त्या मापाला आता एक हात उंची वाढली आहे, दाढी आली आहे, आणि दाढीत चार पांढरे केसही. चूक माझी आहे. एकोणीस वर्षं मीही प्रत्येक पत्रात लिहीत आलो, मी आहे तसाच आहे.

मला शिवण माहीत आहे आणि कात्रीची बंदीही नाही. पण मी तो उसवणार नाही. असाच घालून वेशीवर येतो आहे. पुढून उघडा राहील तो राहू दे. तू एक चाकाएवढी पोळी तेवढी तयार ठेव. आणि बाह्या आखूड आहेत ते एका अर्थी बरंच झालं. दादाला मिठी मारायची, तर हात जितके मोकळे तितके बरे.
तुझा
तालिश